आधी विचार की आधी वागणे: ठरवू पाहणाऱ्यांसाठी एक तुलना

चाळिशीच्या आसपास पोहोचलेल्या, वाचनाची आवड असलेल्या आणि आपल्या जगण्याला काही एक बैठक असावी असे मनापासून वाटणाऱ्या माणसापुढे साधारणपणे दोन वाटा असतात. पहिली वाट आधी विचार पक्के करण्याची आहे. ग्रंथ वाचावेत, एखाद्या अभ्यासमंडळात जावे, धर्म, पैसा, समता यांविषयी आपली भूमिका नेमकी काय ते स्वतःशी ठरवावे आणि मग त्या भूमिकेच्या बेताने आयुष्य वळवीत न्यावे. दुसऱ्या वाटेवर भूमिकेचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवायचा, रोजच्या वागण्यातली एखादी गोष्ट बदलायची आणि विचार मागाहून येतील तसे येऊ द्यायचे. मी दोन्ही वाटांनी बराच काळ चाललो आहे आणि सध्या दुसरीवर आहे. त्यामुळे पुढील तुलना तटस्थ आहे असे मी म्हणणार नाही. मात्र पहिल्या वाटेचे जे ऋण माझ्यावर आहे ते नाकारण्याचाही हेतू नाही.

ज्ञानमार्ग आणि कर्ममार्ग यांची शास्त्रीय चर्चा येथे वगळतो. ‘बोले तैसा चाले’ आणि ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान’ ही वचनेही वाचकांना पाठ असणार. त्यांनी काही ठरत नाही, कारण दोन्ही बाजूंचे लोक ती सारख्याच उत्साहाने एकमेकांना ऐकवतात.

पहिल्या वाटेचा सर्वांत मोठा गुण असा, की रीत जे झाकून ठेवते ते विचार उघडे करतो. आमच्या अभ्यासमंडळात बसल्यावर मला कित्येक गोष्टी पहिल्यांदा ‘गोष्टी’ म्हणून दिसल्या. तोपर्यंत त्या नुसत्याच आजूबाजूला होत्या. शिवाय या वाटेला सोबत चांगली मिळते. विचारांची आवड असणारी माणसे गप्पांना गोड असतात, त्यांच्या घरी पुस्तके असतात आणि मतभेद झाले तरी पुढच्या बैठकीला ती येतात. खर्च म्हणाल तर वर्गणी आणि वेळ एवढाच. गाव बदलले तरी विचार सोबत नेता येतात, ही सोयही लहान नव्हे.

उणीव कुठे आहे हे पाहायचे तर आपल्याकडचा एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाचा इतिहास पुरेसा आहे, कारण विचार वागण्यात उतरतो का, या कसोटीवर इतकी मोठी माणसे इतक्या उघडपणे क्वचितच घासली गेली असतील. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. जमलेल्यांत रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कप हाती घेतला. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणेवैभव’ या वृत्तपत्रात छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. अखेरीस १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. सामाजिक परिषदेचा आधारस्तंभ एका कपासाठी वाकला, याचे त्यांच्या अनुयायांना झालेले दुःख समजण्यासारखे आहे. त्याआधी १८७३ मध्ये, विधवाविवाहाच्या चळवळीत अग्रभागी असताना, पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले होते, हेही सर्वश्रुत आहे.

येथवरची कथा नेहमी सांगितली जाते आणि येथेच थांबवली जाते. मला तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याच मुलीला रानड्यांनी घरातल्या बायकांची बोलणी चालू असताना, नेमाने, स्वतः शिकवले. आधी मराठी आणि पुढे इंग्रजी. त्याच रमाबाईंच्या हातून पुण्याचे सेवासदन १९०९ मध्ये उभे राहिले आणि असंख्य स्त्रिया तिथे शिकल्या. रानड्यांची व्याख्याने आज अभ्यासक वाचतात. दिवाणखान्यातल्या त्या धड्यांचा परिणाम मात्र ज्यांनी एकही व्याख्यान वाचले नाही त्यांच्यापर्यंत पोहोचला. म्हणजे तत्त्वापासून ढळलेल्या माणसाचे वागणेही काही वेळा त्याच्या तत्त्वापेक्षा पुढे गेलेले असते. ‘विचार थोर, आचरण थिटे’ असा सरळ हिशेब त्यांच्या बाबतीत जमत नाही, आणि न जमण्याचे कारणही पुन्हा वागण्यातच सापडते.

महाडची गोष्ट आणखी स्पष्ट आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे कागदावर नोंदवले. तत्त्व मान्य झाले होते आणि तेही बहुमताने. पण तळ्याच्या पायऱ्या कोणी उतरले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतची माणसे उतरली आणि पाणी प्याली, त्या दिवशी ठरावात काय लिहिले आहे हे सर्वांना, विशेषतः विरोधकांना, नीट कळले. मारहाण झाली ती ठरावासाठी नव्हे, त्या ओंजळभर पाण्यासाठी. पुढे कज्जा चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल बाजूने लागेपर्यंत १९३७ उजाडले. ठराव निरुपयोगी होता असे मला म्हणायचे नाही, कारण पायऱ्या उतरताना पाठीशी तो होता. पण तीन वर्षे तो नुसताच होता.

पंढरपूरबद्दल तर काय लिहावे. सर्वांभूती एकच ईश्वर पाहणारे तत्त्वज्ञान सातशे वर्षे ओव्यांतून आणि अभंगांतून गायले गेले आणि त्याच काळात चोखोबांची समाधी महाद्वाराच्या पायरीशी, बाहेर राहिली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले तेव्हा मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले.

याउलट जोतीराव फुल्यांच्या आयुष्यातला तारखांचा क्रम पाहावा. आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांनी अस्पृश्यांसाठी १८६८ मध्ये खुला केला. सत्यशोधक समाज १८७३ मध्ये स्थापन झाला. आणि त्यांच्या विचारांची सलग मांडणी करणारा ‘सार्वजनिक सत्यधर्म’ १८९१ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, छापून आला. तरुणपणी त्यांनी थॉमस पेन वाचला होता आणि त्याचा ठसा त्यांच्यावर उमटला होता, हे मान्य करायला हवे. कोऱ्या पाटीवर कोणी हौद खुला करीत नाही. तरीही संपूर्ण तत्त्वज्ञान हाती आल्यावर मग हौद खुला करू, असे त्यांनी म्हटले असते तर शेजाऱ्यांना तेवीस वर्षे थांबावे लागले असते. धोंडो केशव कर्व्यांचेही तेच. ते फार मोठे वक्ते नव्हते, गणित शिकवीत. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी लग्न केले, आपल्या गावच्या मुरूडकरांचा बहिष्कार सोसला आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी हिंगण्याच्या माळावर जे उभे केले ते आज सर्वांसमोर आहे.

इतिहासाचा कौल असा एका बाजूला झुकतो असे मला वाटते. पण इतिहासातून माणूस हवे ते उचलू शकतो, याची मला कल्पना आहे. माझा कौल ठरला तो एका फार क्षुल्लक गोष्टीने, आणि ती येथे जरा सविस्तर सांगणे भाग आहे.

आमचे मंडळ सदस्यांच्या घरी आळीपाळीने भरत असे. ज्या घराविषयी लिहितो आहे ते घर उत्तम, यजमान व्यासंगी आणि मनाने उदार. कोणत्याही कामाला वर्गणी निघाली तर पहिला हात त्यांचाच खिशात जाई. चहा झाल्यावर आमचे सगळे कप घरच्या मावशींच्या हवाली होत. त्या ते विसळत, पुसून फडताळात उपडे मांडत आणि मग खिडकीच्या कठड्यावर, भांडी घासायच्या साबणाशेजारी ठेवलेला, कान तुटलेला कप खाली घेत. पातेल्यात उरलेला चहा त्यात ओतून जिन्याच्या पायरीवर बसून तो पीत, कप विसळीत आणि पुन्हा कठड्यावर ठेवीत. फडताळात जागा भरपूर होती, पण तो कप तिथे कधी गेला नाही. आत आमची चर्चा चालू असे, आणि ती बऱ्याचदा समतेवरच असे. हे लिहिताना मला उपरोध साधायचा नाही, कारण तो विषय आम्ही खरोखर कळकळीने वाचत होतो.

एकदा मी संकोचत यजमानांपाशी कपाचा विषय काढला. ते चिडले नाहीत. “अहो, तो त्यांनीच वेगळा ठेवलाय, मी सांगितलेलं नाही,” असे म्हणून त्यांनी मला समजावले, की एका कपाने काय होणार आहे, बदलायची तर रचना बदलली पाहिजे, आणि अशा प्रतीकात्मक कृतींनी उलट आपल्याच मनाला फुकटचे समाधान मिळते व मूळ प्रश्न तसाच राहतो. हे उत्तर मला कपापेक्षा अधिक खुपले, याचे कारण ते चुकीचे नव्हते. त्यातला प्रत्येक मुद्दा आम्ही मिळून वाचलेल्या पुस्तकांत होता. न वाचलेल्या माणसाला असे उत्तर सुचले नसते. तो एक तर ओशाळला असता किंवा उर्मटपणे “आमच्यात असंच असतं” म्हणाला असता, आणि दोन्ही बाबतींत पुढे काही होण्याची शक्यता उरली असती. येथे मात्र पुढे काहीच होण्यासारखे नव्हते. विचार जसजसा सूक्ष्म होत जातो तसतशी पळवाटही सूक्ष्म होत जाते, आणि आतल्या माणसाला ती पळवाट वाटतच नाही. पहिल्या वाटेबद्दलची माझी तक्रार एवढीच आहे. ती सर्वांना लागू पडेल असे नाही. मला मात्र त्यानंतर त्या बैठकांत पूर्वीसारखे बसता आले नाही.

दुसऱ्या बाजूचे उदाहरण आमच्याच इमारतीत होते. एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर तिथे राहत. एकादशी कडक, स्कूटर घ्यायची तरी पंचांग पाहून, आणि समता हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. त्यांच्याकडे काम करणाऱ्या मावशी मात्र घरातल्याच कपातून, खुर्चीवर बसून, काकूंबरोबर मेथी निवडत चहा पीत. पगार एक तारखेला हातात. तापाने आठवडाभर आल्या नाहीत तरी पैसे कापले जात नसत. याचे कारण मी विचारले तेव्हा त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. “मी आजारी पडलो की महामंडळ रजेचा पगार द्यायचंच की,” एवढेच ते म्हणाले. त्यांचे तत्त्वज्ञान विचाराल तर तेवढ्या एका वाक्यात संपते, आणि त्या वाक्यावर त्या घराचा सगळा व्यवहार चालत असे.

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच गृहस्थांनी वडिलोपार्जित जमिनीच्या वेळी दोन्ही बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या होत्या. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये झाली आणि देशभर २००५ मध्ये. पण गावोगावी सातबारावर बहिणींची नावे चढतात आणि काही दिवसांत उतरतात, हे तलाठ्यापासून सर्वांना ठाऊक आहे. त्यांना त्यात काही वावगे वाटत नव्हते. “पद्धतच आहे ती. त्यांची भाऊबीज मी एकदाही चुकवलेली नाही,” असे ते सरळ मनाने म्हणत. वागण्याची वाट येथे तोकडी पडते, हे मी मान्य करतो. आपण स्वतः जे सोसले आहे त्याच्या आसपासचे अन्याय चांगल्या वळणाच्या माणसाला आपोआप दिसतात. बाकीचे कोणीतरी दाखवावे लागतात, आणि ते दाखवण्याचे काम विचारच करतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली आणि शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे केला, तेव्हा आधी कोणीतरी तो विचार मांडला होता, सभांतून समजावला होता. मात्र त्या मोहिमेचे मोल मी सभांवरून ठरवणार नाही. सातबारावर नाव चढले की नाही, हेच पाहीन.

आणि तरीही या दोन घरांत मला एक फरक जाणवतो. कंडक्टरकाकांची मुलगी मोठी झाल्यावर एकदा जेवताना तिने विचारले, की माझ्या वेळीही दादा असाच कागद पुढे करणार का. त्यावर त्यांना उत्तर सुचले नाही. पुढे काय झाले ते त्यांच्या घरचे आहे, पण ते बरेच दिवस अस्वस्थ होते, एवढे मी पाहिले. रीतीची सबब एका वाक्याची असते, त्यामुळे ती एका प्रश्नाने मोडते. आमच्या यजमानांची सबब मोडायला एक अख्खी व्याख्यानमाला लागली असती, आणि ती त्यांनीच उत्तम गुंफली असती.

माझ्या स्वतःच्या घरात जे घडले ते अगदी थोडे आहे, पण तुलनेला उपयोगी पडेल. घरकाम करणाऱ्या मावशींना रविवारची सुटी द्यायचे आम्ही ठरवले. घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा आपल्या राज्यात २००८ मध्ये झाला, पण आठवड्याची सुटी द्यायची की नाही हे अजून घरोघरच ठरते. पहिल्याच रविवारी रात्रीची भांडी मोरीत तशीच राहिली, आणि ती घासायची कोणी हा प्रश्न कोणी उच्चारला नसतानाही सरकत सरकत पत्नीच्या बाजूला जाऊ लागला. मग तो प्रश्न उच्चारावा लागला. त्यातून वार ठरले, मुलग्याचाही वार ठरला, त्याच्या परीक्षेच्या दिवसांत सूट मिळावी की नाही यावर वाद झाला, आणि तो वाद करताना घरातल्या श्रमाविषयी जे माझ्या लक्षात आले ते मी मंडळात याच विषयावर टिपण वाचले होते तेव्हा आले नव्हते. विचाराच्या वाटेवर एका पुस्तकातून दुसरे पुस्तक निघते. वागण्याच्या वाटेवर एका कामातून दुसरे काम निघते आणि त्याच्या मागून, थोडा धापा टाकीत, विचारही येतो. माझा अनुभव तरी असा आहे. इतरांचा वेगळा असू शकेल.

उरलेल्या मुद्द्यांवर थोडक्यात. दुसरी वाट महाग आहे: सुटी, पगार, स्वतःचा वेळ, नातेवाइकांची नाराजी हे सर्व प्रत्यक्ष मोजावे लागते. ती कंटाळवाणीही आहे, कारण तिच्यावर टाळ्या नाहीत आणि सांगू गेले तर बढाई होते. तिचा पल्ला तोकडा आहे. हात पोहोचतो तिथवरच ती जाते, तर लिहिलेला विचार अनोळखी माणसापर्यंत पोहोचतो. मुलांवरच्या परिणामाबद्दल मात्र मला फारशी शंका नाही. माझी मंडळातली टिपणे आमच्या मुलाने कधी उघडलेली नाहीत, पण आपला वार कोणता हे त्याला न सांगता ठाऊक असते. तसेच गाडगेबाबा कीर्तनाआधी गाव झाडत, याचाही मला हल्ली नव्याने अर्थ लागतो. ऐकायला आलेल्या माणसाने झाडलेली जागा आधीच पाहिलेली असे, मग कीर्तनात फार समजावावे लागत नसेल.

ही शिफारस सर्वांसाठी सारखी नाही. विशीत असाल आणि घर अजून मांडायचे असेल, तर पहिली वाट अवश्य घ्यावी. सवयी जडण्याआधी वाचलेले पुष्कळ उपयोगी पडते. शिक्षक, वकील, पत्रकार यांचे वागणे मुख्यतः शब्दांतूनच होते, त्यांनाही माझी तक्रार तितकीशी लागू नाही. आणि ज्यांच्या हाती घरातला एकही निर्णय नाही, ज्या सुनेला स्वतःच्या पगाराचे पैसेही मागून घ्यावे लागतात किंवा ज्या मुलाला वडिलांच्या घरात वडिलांच्या रीतीने राहावे लागते, त्यांना ‘आधी वागणे बदला’ असे सांगणे क्रूरपणाचे होईल. वाचलेले आणि मनात ठरवलेले हेच त्यांचे स्वतःचे असते आणि ते त्यांनी जपावे.

बाकी ज्यांच्याकडे घरातल्या पैशाचे आणि वेळेचे निर्णय आहेत, त्यांना मी दुसरी वाट सुचवीन. सुरुवात पगाराच्या तारखेपासून आणि आठवड्याच्या सुटीपासून करता येईल. अभ्यासमंडळाची वर्गणी त्यानंतरही भरता येते, मी अजून भरतो.